अंथरायला अनुदान, उचलायला कोण?



टोमॅटो, मिरची, कलिंगडाच्या बेडवर मल्चिंग पेपर आला तो कोणाच्या हौसेखातर नाही. खुरपणीला माणूस मिळेना, विहिरीचे पाणी पुरेना, म्हणून आला. तण दबले, ओल टिकली. तेव्हा पेपर अंथरणाऱ्याला शहरात बसून कोणी पर्यावरणाचे पुराण सांगू नये.

पण हिशेब पुरा मांडला पाहिजे. 4 फुटी, 25 मायक्रॉनचे, 400 मीटरचे 5 बंडल एकरात गेले, तर 55 किलोच्या आसपास प्लॅस्टिक रानात पडते. पीक निघेपर्यंत ते उन्हाने ठिसूळ होते. ओढले की चिंध्या हातात येतात, दाबलेल्या कडा मातीतच राहतात. त्यावर रोटाव्हेटर फिरला की भुगा. 5 मिलिमीटरपेक्षा बारीक झालेला तुकडा म्हणजे मायक्रोप्लॅस्टिक. तो लवकर कुजत नाही, वेचताही येत नाही.

नेदरलँड्समधील वागेनिंगेनच्या शास्त्रज्ञांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पालापाचोळ्यात पॉलिथिनचे कण मिसळून गांडुळांना दिले. प्रमाण जास्त असताना गांडुळांची वाढ खुंटली, मरही वाढली. गांडुळांच्या बिळांतून हे कण खालच्या थरात जातात, हेही नंतर दिसले. प्रयोगातले प्रमाण आपल्या रानातल्यापेक्षा पुष्कळ जास्त होते, हे खरे. पण आपली भर दर हंगामाला पडते आहे, आणि पडलेले निघत नाही. चीनने हे भोगले. तेथे 2017 च्या मानकात पेपरची किमान जाडी 8 वरून 10 मायक्रॉनवर नेली, कारण पातळ पेपर गोळाच करता येत नाही.

आता आपल्याकडचा न्याय पाहा. बाजारातली प्लॅस्टिक पिशवी 120 मायक्रॉनपेक्षा पातळ नको, असा केंद्राचा नियम 31 डिसेंबर 2022 पासून आहे. रानातल्या पेपरला अनुदान आहे, पण ते अंथरण्यापुरते! उचलायची मजुरी शेतकऱ्याच्या अंगावर. मातीने माखलेला पेपर भंगारवाला घेत नाही. मग तो बांधावर पेटतो.

ज्याने विकला त्याने तो वजनावर परत घ्यावा आणि उचलणीची मजुरी अनुदानात धरावी, ही आपली मागणी. तोवर पेपर ओढल्याशिवाय रोटाव्हेटर घालू नका. पुढच्या बैठकीला प्रत्येक तालुक्याने आकडे आणावेत: एकरी उचलणीला किती माणसे लागली, किती किलो निघाला, कोठे गेला.