पालकांची कैफियत

डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ज्या निबंधाने स्वमग्नतेची नोंद वैद्यकाच्या दफ्तरी दाखल केली, त्यातील ११ मुलांपैकी पहिल्या मुलाचे पूर्ववृत्त त्याच्या वडिलांनी टंकलिखित करून पाठविलेल्या ३३ पृष्ठांवर आधारलेले होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. परंतु ज्या तपशिलावर ही इमारत उभी राहिली तोच तपशील कॅनरांनी पालकांच्या चिकित्सक, अतिरेकी स्वभावाचा पुरावा मानला, याचे स्मरण फारसे कोणी ठेवीत नाही. झोपाळा, उद्वाहक, वाहते पाणी, अंडी घुसळण्याचे यंत्र, फार काय, वारासुद्धा या मुलांना भयभीत करतो, असेही त्याच निबंधात नमूद आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने संवेदनांची ही तीव्रता वा मंदता स्वमग्नतेच्या निकषांत स्पष्ट शब्दांत घातली ती २०१३ साली, पाचव्या आवृत्तीत. आणि मधल्या काळात कित्येक वर्षे माता थंड काळजाच्या ठरत राहिल्या.

तो आरोप आज कोणी उघडपणे करीत नाही, तथापि पालकांची जबानी दुय्यम मानण्याचा शिरस्ता आपल्या केंद्रांतून सर्वस्वी गेला आहे असे म्हणवत नाही. कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराच्या शिक्षणाचा पाया घातला, तेव्हापासून जेवणे, न्हाणे, कपडे घालणे ही नित्याची कर्मे हाच आपल्या विद्येचा विषय आहे. आणि तरीही मूल कितव्या महिन्यात चालू लागले हे आपला नमुना हटकून विचारतो, कुकरच्या शिटीला ते काय करते, हे मात्र विचारीत नाही. मिक्सर आईने लावला तर किंचाळत पळणारे मूल, बटण त्याच्याच बोटाखाली दिले तर शांतपणे उभे राहते; गणवेशाच्या गळ्यामागची चिठ्ठी कापून भागत नाही, तिचा शिवणीत राहिलेला चिवट कंगोराही उसवावा लागतो; केस कापावयाचे ते घरीच, आणि तेही मानेवर टॉवेल घट्ट दाबून धरल्यावर. ही माहिती कोणत्याही प्रमाणित चाचणीतून निघत नाही आणि उपचाराची दिशा मात्र पुष्कळदा तिच्यातच असते.

पालकांचे प्रत्येक अनुमान प्रमाण मानावे, असा याचा अर्थ नव्हे. निरीक्षण त्यांचे, त्याची रुजवात घालणे आपले काम. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून विकत घेतलेले वजनदार जाकीट मुलाला खरोखर स्वस्थ करते की केवळ निमूट करते, हे आपणच पाहावयास हवे. परंतु जीन एअर्स यांच्या १९७२ च्या ग्रंथाचा हवाला देऊन दोन खोल्यांच्या घरात, सासूसासऱ्यांच्या देखत, नोकरी सांभाळून अमलात आणणे अशक्य अशा उपक्रमांचा कागद आईच्या हाती ठेवणे आणि पुढील भेटीत तो पाळला नाही म्हणून तिला आरोपीप्रमाणे उभे करणे, हा उपचार नव्हे, फर्मान आहे.

ढोलताशांचे दिवस जवळ येत आहेत; मिरवणुकीच्या वाटेवर राहणारी कुटुंबे लवकरच आपल्या दाराशी येतील. तत्पूर्वी प्रत्येक केंद्राने आपल्या पूर्ववृत्ताच्या नमुन्यास पालकांनी भरावयाचे एक कोरे पान जोडावे आणि मुलाची तपासणी आरंभण्यापूर्वी ते समग्र वाचावे, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे.