टॉन्सिल काढायचे की ठेवायचे?

दोस्तांनो, या खेपेला सहावीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ‘काका, माझा घसा सारखा दुखतो. आजी म्हणते, टॉन्सिल काढून टाका, कटकट मिटेल. आईला भीती वाटते. आणि ऑपरेशननंतर आइस्क्रीम मिळतं, हे खरं का?’

आधी आइस्क्रीमचं. मिळतं, पण तेव्हा ते गिळतानासुद्धा घसा दुखतो. तेवढ्यासाठी ऑपरेशन नको!

आता आरशासमोर उभे राहा, तोंडात बॅटरीचा उजेड पाडा आणि मोठ्ठा ‘आ’ करा. मधोमध लोंबते ती पडजीभ. तिच्या दोन्ही बाजूंना बदामासारख्या गुलाबी गाठी दिसतात, तेच टॉन्सिल. त्यांच्यावर बारीक खळगे असतात. अन्नातून, श्वासातून आलेले काही जंतू त्यांत अडकतात. आतल्या पांढऱ्या पेशी त्यांची ओळख करून घेतात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू लागतात. तुमच्या वयात हे काम जोरात चालतं, म्हणून तुमचे टॉन्सिल आईबाबांपेक्षा मोठे दिसतात. मोठे म्हणजे आजारी नव्हेत! पुढे ते आपोआप लहान होतात.

हे ध्यानात न घेतल्यानं काय गंमत झाली पाहा. १९३४ साली न्यूयॉर्कमधल्या अकरा वर्षांच्या १००० मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते! उरलेल्या ३८९ मुलांना डॉक्टरांनी तपासलं. १७४ जणांना सांगितलं, ‘काढा.’ बाकीची २१५ दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. तिथं ९९ जणांना ‘काढा.’ राहिलेल्या ११६ पैकी पुन्हा जवळजवळ निम्म्यांना तेच. शेवटी सुटली ती फक्त ६५ मुलं.

आता डॉक्टर मोजून ठरवतात. ताप किंवा पांढरे ठिपके अशा लक्षणांसह घसा वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं पाच-पाच वेळा, किंवा तीन वर्षं तीन-तीन वेळा धरला, तर ऑपरेशनचा विचार होतो. टॉन्सिल फुगून झोपेत श्वास अडत असेल, तरीही. काढले तरी घाबरू नका. जिभेच्या मुळाशी, नाकाच्या मागे अशाच गाठी आहेत, त्या काम सांभाळतात.

पालकांनो, आता तुमच्यासाठी. बहुतेक घसादुखी विषाणूंची असते, तिला अँटिबायोटिक लागत नाही. पण काही वेळा स्ट्रेप्टोकॉकस नावाचे जिवाणू असतात. तेव्हा डॉक्टर बहुधा दहा दिवसांचं औषध देतात. तिसऱ्या दिवशी पोरगं खेळायला पळतं आणि उरलेल्या गोळ्या फळीवर राहतात! मग दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांचे सांधे सुजतात, ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. या आजाराला संधिवाताचा ताप म्हणतात, आणि आपल्याकडे तो अजून संपलेला नाही.

तेव्हा मैत्रिणी, एक छोटी वही कर. घसा धरला की तारीख, ताप किती, शाळा किती दिवस बुडली, ते लिही. डॉक्टरांकडे जाताना ती वही ने. आणि आजीला न्यूयॉर्कची गोष्ट वाचून दाखव.