यंत्राचा साज आणि मालकाचा हक्क

संगणकावर गाणी वाजविणाऱ्या प्रोग्रामला आपल्या आवडत्या चित्रपटातील अथवा कथेतील पात्रांचा साज चढविणे हा निव्वळ पोरखेळ होय, असे मत काही प्रौढ मंडळी मोठ्या अधिकारवाणीने मांडतात. ऐकावयाचे ते सूर; मग चौकटीचा रंग कोणता आणि कळ कोणत्या आकाराची, ही उठाठेव कशाला, असा त्यांचा सवाल आहे. या सवालात शहाणपणाचा आव पुष्कळ आहे. शहाणपण मात्र आम्हांस आढळत नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९९७ साली अमेरिकेतील नलसॉफ्ट या लहानशा कंपनीने विनॅम्प हा प्रोग्राम काढला. त्याच्या बाह्यवेषास ‘स्किन’ म्हणत, आणि तो वेष बदलण्याची कृती सर्वांस खुली होती. मुख्य खिडकी २७५ पिक्सेल रुंद व ११६ पिक्सेल उंच. तिचे चित्र एका फाइलीत, कळांचे दुसऱ्या, शीर्षकपट्टीचे तिसऱ्या. गाण्यांच्या यादीचे रंग एका साध्या मजकुराच्या फाइलीत. या साऱ्यांची एक झिप फाइल करून तिच्या नावाचा शेवट ‘डब्ल्यूएसझेड’ असा केला की साज तयार! चित्रे रंगविण्याचा साधा प्रोग्राम येत असलेल्या शाळकरी मुलासही हे साधे. ‘स्टार वॉर्स’, ‘मेट्रिक्स’ आणि जपानी चित्रमालिका यांच्या चाहत्यांनी असे कितीतरी वेष रचले. २०२० साली महाजालावर विनॅम्पच्या स्किनांचे संग्रहालय उघडले, तेव्हा त्यात सुमारे ६५,००० वेष होते. एवढ्या माणसांनी विनामोबदला केलेल्या श्रमास पोरखेळ म्हणून झटकून टाकणे न्यायाचे नव्हे.

दसऱ्यास आपण मोटारीस, शिवणयंत्रास, छापखान्यातील यंत्रास झेंडूची माळ घालतो. माळेने मोटार अधिक वेगाने धावत नाही, हे घालणाऱ्यास पक्के ठाऊक असते. तरी तो घालतो. कारण ज्या वस्तूशी नित्याचा संबंध, ती आपली म्हणून सजवावी, ही माणसाची जुनी वृत्ती आहे. चाहत्याची स्किन याच वृत्तीतून जन्मते.

दुसरा आक्षेप कायद्याचा आहे, व तो आम्ही टाळू इच्छीत नाही. चाहत्याने घेतलेले चित्र बहुधा दुसऱ्याच्या मालकीचे असते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, खाजगी वा वैयक्तिक उपयोगासाठी केलेल्या वाजवी वापरास संरक्षण देते. स्वतःच्या संगणकापुरता साज करणाऱ्याची बाजू म्हणून बळकट आहे. तोच साज जगभर वाटणाऱ्याची मात्र लंगडी. हे आम्ही उघडपणे कबूल करतो.

पण हे आक्षेप घेणारे खऱ्या प्रश्नाकडे पाठ फिरवितात. आजच्या बहुतेक संगीतसेवांत ग्राहकाच्या हाती फार तर फिकट रंग की गडद, एवढीच निवड उरली आहे. खुद्द विनॅम्पची कथा बोलकी आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची मूळ संहिता जाहीर झाली, पण सुधारलेली प्रत इतरांस वाटण्यास परवान्यात मनाई होती. टीकेची झोड उठली, आणि पुढच्याच महिन्यात ती संहिता काढून घेण्यात आली. पाहावयास दिले, पण सुधारून वाटावयास दिले नाही. यास खुलेपणा म्हणावयाचे असेल, तर कुलूप लावलेल्या दारासही स्वागतकक्ष म्हणावे लागेल.

आमची मागणी माफक आहे. ज्याने यंत्र विकत घेतले आणि सेवेचे दाम मोजले, त्यास तिचे बाह्यरूप बदलण्याची वाट मोकळी असावी, आणि ती वाट कशी आहे हे निर्मात्याने साध्या शब्दांत लिहून ठेवावे. भाड्याच्या खोलीत राहणाराही भिंतीवर आपल्या कुलदैवताची तसबीर लावतो, आणि कोणी घरमालक त्यास हरकत घेत नाही. मग मालक म्हणविणाऱ्यास आपल्याच यंत्रावर तेवढेही स्वातंत्र्य नसावे काय?