सौंदर्याला वयाची अट कशाला?

भारतीय शहरांच्या सौंदर्याविषयी बोलताना आपण एक तर भूतकाळात रमतो, नाही तर भविष्यकाळात. भूतकाळात हवेल्या, घाट आणि घुमट असतात. भविष्यकाळात काचेचे मनोरे. ज्या वर्तमानात कोट्यवधी नागरिक रोज ये-जा करतात, तो मात्र या चर्चेत केवळ ‘समस्या’ म्हणून डोकावतो. हा निव्वळ अभिरुचीचा प्रश्न असता तर सोडून देता आला असता. पण जे आपल्याला सुंदर वाटत नाही, ते आपण बिनदिक्कत पाडतो.

दिल्लीच्या प्रगती मैदानावरील ‘हॉल ऑफ नेशन्स’ हे याचे ठळक उदाहरण. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, १९७२ साली, ही वास्तू उभी राहिली. असा सांगाडा पोलादात उभारणे तेव्हा परवडणारे नव्हते. वास्तुरचनाकार राज रेवाल आणि अभियंता महेंद्र राज यांनी तो काँक्रीटमध्ये साकारला. त्याचे बरेचसे काम मजुरांच्या हातांनी झाले. टंचाईतून वाट काढणारी ही आधुनिकता कुणाची उसनी नव्हती. मेळ्यांना लोटणाऱ्या गर्दीत, त्रिकोणी जाळीतून उतरणारे हिवाळी ऊन मी अनेकदा पाहिले आहे. तिकीट काढून आलेल्या कोणत्याही कुटुंबाला ते तितकेच खुले होते.

एप्रिल २०१७ मध्ये ही वास्तू जमीनदोस्त झाली. वारसा संवर्धन समितीने विचारासाठी किमान ६० वर्षांची अट पुढे केली. इमारतीचे वय होते ४५. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात तर ही अट १०० वर्षांची आहे. म्हणजे स्वतंत्र भारताने स्वतःसाठी जे जे बांधले, त्यातले काहीही या कायद्याच्या दृष्टीने अद्याप जपण्याजोगे नाही!

देशाच्या राजधानीला अद्ययावत प्रदर्शन संकुल नको होते काय, असे विचारले जाईल. हवेच होते. परंतु जुन्याचे मोल न मांडता घेतलेल्या निर्णयाला नियोजन कसे म्हणावे? जिथे रस्ते आणि पाणी यांचीच वानवा, तिथे सौंदर्याची चैन कशाला, हा दुसरा आक्षेप. त्याचे उत्तर तिरुअनंतपुरमच्या रेल्वे स्थानकाजवळ मिळते. तेथील इंडियन कॉफी हाऊससाठी लॉरी बेकर यांनी चिंचोळ्या जागेत विटांची गोल वास्तू रचली. चढत जाणारी सर्पिल वाट हीच तिची बैठकीची जागा. भिंतीच्या झरोक्यांतून वारा आणि उजेड येतो. इथे स्वस्त कॉफी पिणाऱ्या प्रवाशाला जे लाभते, त्याला चैन म्हणता येणार नाही.

आपल्या महापालिकांच्या कोशात मात्र ‘सुशोभीकरण’ हा एकच शब्द आहे. उड्डाणपुलाखाली चित्रे, चौकात कारंजे, खांबांवर रोषणाई! सौंदर्य म्हणजे वापरावर वरून चढवलेला रंग, हा समज निविदांनी पक्का केला आहे.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. प्रत्येक मोठ्या शहराने १९४७ नंतरच्या सार्वजनिक वास्तूंची यादी करावी. संवर्धनाचा विचार करताना वयाबरोबरच लोकांचा वापर आणि रचनेतील नावीन्यही तपासावे. अशी वास्तू पाडण्यापूर्वी जनसुनावणी अनिवार्य करावी. वर्तमान जपला नाही, तर पुढच्या पिढीला आपल्या काळाचा वारसा म्हणून दाखवायला आपल्याकडे काय उरेल?