माळ्याचा काय गुन्हा?

अलीकडे बंगल्याच्या फाटकापाशी अझेलियाच्या दोन कुंड्या दिसल्या की गृहस्थ सुसंस्कृत ठरतो. ठरो बापडा! माझे भांडण त्याच्याशी नाही. दख्खनच्या काळ्या मातीत हे झाड खुशाल लावा, असे सांगणाऱ्या नर्सरीवाल्याशी आहे.

विकणाऱ्याला आपल्या मालाची ओळख तरी असावी! ‘साहेब, ऱ्होडोडेंड्रॉन डोंगरातले, अझेलिया वेगळी, ती कुठेही येते,’ असे तो छातीठोकपणे सांगतो. लिनीअसने १७५३ साली हे दोन वंश वेगळे मांडले होते खरे. पण १८३४ साली जॉर्ज डॉनने अझेलियाला ऱ्होडोडेंड्रॉनच्याच घरात आणून बसवले. ओळखायचे तर फुलातले पुंकेसर मोजावेत. अझेलियाला बहुधा पाच, इतर भावंडांना दहा किंवा अधिक. खोड मात्र दोघांची एकच : माती आम्लधर्मी हवी, हवा गार हवी, ओल हवी पण पाणी तुंबता कामा नये. केसासारखी बारीक मुळे वरच्या थरातच पसरतात. आपल्या काळ्या मातीत बहुधा चुनखडी. त्यामुळे मातीतले लोह झाडाला उचलता येत नाही. पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

आमच्या शाळेने गेल्या वर्षी अशी बारा रोपे लावली. चैत्र सरायच्या आत बाराही गेली. नर्सरीवाला म्हणाला, ‘पाणी कमी पडले.’ झाले! रोपांची किंमत माळ्याच्या पगारातून कापली. तो बिचारा दोन्ही वेळा विहिरीचे जड पाणी इमानाने घालत होता आणि त्या पाण्यातूनही चुनाच मुळाशी जात होता. मी काही वनस्पतिशास्त्राचा पदवीधर नव्हे. पण ओल्या मातीला लिटमसचा कागद लावायला पदवी कशाला लागते? कापलेले पैसे परत करावेत, असा अर्ज मी दिला आहे. नर्सरीवाल्यांनीही किमतीच्या चिठ्ठीशेजारी मातीची चिठ्ठी बांधावी.

हौसच असेल तर कुंडी घ्या, कुजलेला पालापाचोळा आणि नारळाचा भुसा भरा, पावसाचे पाणी साठवून घाला, दुपारचे ऊन टाळा. पण या कुळाचे खरे वैभव पाहायचे असेल तर त्याच्या गावी जावे. उत्तराखंडाने बुरांशाला राज्यवृक्षाचा मान दिला आहे. तेवढे लांब नको असेल तर त्याचाच दाक्षिणात्य भाऊ निलगिरीच्या शोलावनांत लालभडक फुलतो. आपली मंडळी उटीला जातात आणि चॉकलेटे घेऊन परततात.