चाँदरातीचा सेल आणि आपली यादी

२०२५ मध्ये गुढीपाडवा ३० मार्चला होता आणि दुसऱ्याच दिवशी ईद. दोन सण शेजारी-शेजारी आले याचा आनंद आपल्याला झालाच, पण त्याहून जास्त तो विकणाऱ्यांना झाला. मोबाइल उघडला की एकीकडे पाडव्याच्या मुहूर्ताची ऑफर, दुसरीकडे 'ईद स्पेशल', आणि वर मार्चअखेरची सूट. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. हिवाळ्यात जाईल, पुढे दिवाळीजवळ येईल. सेल तिला प्रत्येक ऋतूत गाठणारच.

ईदच्या बाजाराबद्दल माझी तक्रार नाही. मोहम्मद अली रोडवर तरावीहनंतर जी गर्दी उसळते, त्यात बांगड्या, अत्तर, टोप्या, शेवया विकणाऱ्या कितीतरी कुटुंबांची वर्षाची कमाई असते. त्या गर्दीत घासाघीस करून घेतलेल्या दुपट्ट्याला मी उधळपट्टी म्हणणार नाही. माझा आक्षेप आहे तो आपल्या वतीने दुसऱ्यानेच ठरवण्याला.

मोहल्ल्यातल्या टेलरकडे पूर्वी एक पाटी हमखास दिसायची, अजूनही काही ठिकाणी दिसते: 'पंधराव्या रोज्यानंतर शिलाई घेतली जाणार नाही.' या पाटीमुळे अम्मी शाबानमध्येच कापड आणायच्या. कोणाला काय हवे, कोणाचा मागच्या वर्षीचा जोडा अजून चांगला आहे, धाकट्याला मोठ्याचा कुर्ता आखूड करून चालेल का, हे सगळे आधी घरात बोलून व्हायचे आणि मग पैसे बाहेर पडायचे. अ‍ॅपला अशी पाटी नसते. चाँदरातीला बाराला पाच मिनिटे कमी असतानाही ते म्हणते, अजून वेळ आहे. आणि त्याच वेळी म्हणते, वेळ संपत चालली आहे. ईदला आपल्याकडचे उत्तम कपडे घालावेत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या 'उत्तम'चे 'नवेच' कधी झाले, हे एकदा घरात विचारून पाहा.

घाई लावण्याच्या या युक्त्यांची सरकारदरबारीही नोंद झाली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि १३ प्रकार नावानिशी सांगितले. 'फक्त दोनच शिल्लक' अशी खोटी घाई करणे हा त्यातला एक. 'नको, मला बचत करायची नाही' असे बटण ठेवून नकार देणाऱ्याला ओशाळे करणे हा दुसरा. तिसरा आपल्याला जास्त लागू आहे: न विचारता बिलात काहीतरी घुसवणे, मग तो विमा असो की देणगी. रमजानमध्ये आधीच टिक केलेली देणगीची चौकट दिसली की आपण ती काढायला कचरतो. पण सदक्याला नियत लागते, आणि ती चौकट कोणी दुसऱ्याने टिक करून ठेवलेली असते. ती काढा, आणि द्यायचे ते स्वतःच्या हाताने, माहीत असलेल्या घरी द्या.

खोडलेल्या किमतीचेही तसेच. १,९९९ वर काट मारून शेजारी ७९९ लिहिले की १,२०० वाचले असे वाटते. एमआरपी ही कमाल किंमत आहे. त्या भावाने तो कुर्ता कधी कोणी विकत घेतला होता का, हे काट सांगत नाही. खिशातून जातात ते ७९९.

सगळ्यात जपून राहावे असे मला वाटते ते 'नो कॉस्ट ईएमआय'पासून. व्याजाचे नाव काढले तरी दूर सरणारी आपली मुले या तीन शब्दांवर निःशंक सही करतात. समजा, ३०,००० चा फोन सहा हप्त्यांत घेतला, दरमहा ५,०००. बँक व्याज लावतेच. वर्षाला १६ टक्के धरले तर ते सुमारे १,३६० रुपये होते. तेवढीच सूट विक्रेता आधी देतो, म्हणून हप्त्यांची बेरीज ३०,००० दिसते. पण व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे २४५ रुपये, बहुधा तुमच्याच बिलात येतो, आणि प्रोसेसिंग फी असेल तर ती वेगळी. शून्य टक्के व्याज असे काही नसते, अशा योजनांत ते बहुतेकदा प्रोसेसिंग फीच्या रूपात लपवलेले असते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. हे व्याज शरियतमध्ये कुठे बसते ते आलिमांना विचारा. ते स्टेटमेंटमध्ये कुठे बसले आहे, ते तुम्हीच वाचू शकता.

हे पैसे कोणाचे असतात? पहिली नोकरी लागलेल्या मुलाचे, शिवणकाम करणाऱ्या आपाचे. बहिणींचे जोडे, भाच्यांची ईदी, पाहुण्यांसाठी नवे पडदे. 'लोक काय म्हणतील' याचा हप्ता ईद संपल्यावर बकरीदपर्यंत चालतो. रीलवर मांडलेली ईदची खरेदी बघून घरात रुसवे होतात, आणि ज्याने नाही म्हणायचे तो बहुधा घरातला एकटा कमावता असतो. त्याला एकट्याला नाही म्हणायला लावू नका. आकडा सगळ्यांसमोर ठेवा. पहिल्या रोज्याच्या आत यादी करा, त्यात फित्रा सगळ्यात वर लिहा. माणशी हिशेब असतो आणि नमाजच्या आधी द्यायचा असतो, त्यामुळे तो उरलेल्या पैशांवर सोडता येत नाही. शॉपिंग अ‍ॅपची नोटिफिकेशन महिनाभर बंद ठेवा. आवडले ते कार्टमध्ये टाकून दोन तरावीह होऊ द्या. तिसऱ्या दिवशीही आठवले तर घ्या. आणि मगरिबच्या अजानच्या आसपास पोहोचेल अशी ऑर्डर टाळा. जिना चढून येणाऱ्या मुलालाही बहुधा रोजा असतो.

फसवणूक झालीच तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथे मराठीत बोलता येते. ऑर्डर क्रमांक, बिल आणि पैसे भरण्याआधीच्या पानाचा स्क्रीनशॉट जवळ ठेवून फोन करा. ते पान नंतर बदललेले असते.