प्रयोगशाळेचे रोस्टर कोण तपासणार?

बँकेची, रेल्वेची, पोलीस भरतीची जाहिरात आली की तासाभरात आपल्या वस्तीत पोहोचते. राखीव जागा किती, अनुशेष किती, यावर विहारात चर्चा झडते. पण पुण्यातल्या संशोधन संस्थेत संगणकीय जीवशास्त्राची जागा निघाली, तर नाशिकच्या आपल्या किती एम.एस्सी. मुलामुलींना ते कळते?

हे शास्त्र म्हणजे जनुके व प्रथिने यांची प्रचंड माहिती संगणकावर तपासून रोगांची आणि औषधांची उकल करणे. पुणे विद्यापीठात त्याचे केंद्र १९८७ पासून आहे. गणित, सांख्यिकी आणि प्रोग्रामिंग पक्के हवे. महागडी उपकरणे घेऊन बसावे लागत नाही. आपल्या मुलांच्या आवाक्यातले हे विज्ञान आहे. मग अडते कुठे?

एक तर कायद्यात. २०१८ मध्ये विभागनिहाय तेरा बिंदूंचे रोस्टर लादले गेले, तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो. २०१९ च्या केंद्रीय शैक्षणिक संस्था (शिक्षक संवर्गातील आरक्षण) कायद्याने संपूर्ण संस्था हे एकक ठरले. आपण पेढे वाटले. कलम ४ किती जणांनी वाचले? या कलमाने टाटा मूलभूत संशोधन संस्था, होमी भाभा राष्ट्रीय संस्था व तिच्या घटक संस्थांना आरक्षणातून सूट दिली. संगणकीय जीवशास्त्राचे संशोधन जिथे चालते ती चेन्नईची गणितीय विज्ञान संस्थाही त्यातच. १९९२ च्या मंडल निकालातही संशोधन संस्थांतील तांत्रिक पदे आरक्षणाबाहेर ठेवावीत, असे बहुमताने सुचवले होते. आरक्षण आले की गुणवत्ता गेली, हेच यामागचे गृहीतक. ते सिद्ध कोणी केले?

दुसरी अडचण प्रकल्पावरच्या जागांची. वर्ष-दोन वर्षांसाठी जाहिरात निघते, थेट मुलाखत होते, प्रकल्पप्रमुखांच्या पसंतीला मोठे वजन असते. कित्येक जाहिरातींत प्रवर्गाचा रकानाच नसतो. पंचेचाळीस दिवस वा अधिक काळाच्या तात्पुरत्या नेमणुकांनाही आरक्षण द्यावे, असे केंद्राने मे २०१८ मध्ये पुन्हा बजावले. पण ही 'पदे'च नव्हेत, असे म्हटले की आदेश कागदावर राहतो. शोधनिबंध, अनुभव, शिफारसपत्र, सगळे याच पायरीवर मिळते. इथे जो नाही, तो उद्या प्राध्यापक कसा होणार?

बाबासाहेबांनी १९४२ मध्येच व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात हे मांडले होते. कला आणि कायद्याच्या शिक्षणाने अस्पृश्यांचे फारसे भागणार नाही, विज्ञान व तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या द्या, अशी त्यांची मागणी होती. मी पेशाने वकील. हे वाचताना दर वेळी थोडा ओशाळतो.

आपल्या संघटनांच्या निवेदनांत कलम ४ रद्द करण्याची मागणी यायला हवी. तोपर्यंत केंद्राच्या प्रत्येक संशोधन संस्थेकडे माहिती अधिकारात विचारू: पाच वर्षांत प्रकल्पावर किती जण नेमले, त्यांत अनुसूचित जाती-जमातींचे किती? अर्जाचा मसुदा मी करून देतो. दहा रुपये शुल्क अर्जदाराने भरावे.